'गरम' सांधा दुखतोच का? कंबरदुखीच्या बोन स्कॅनवरचा एक गाजलेला पेपर पुन्हा वाचताना

गॅमा कॅमेऱ्याच्या टेबलावर झोपलेल्या एका काकूंनी मला विचारलं होतं, "काय गं, आता तरी कळेल ना नक्की कुठं दुखतंय ते?" सहा-सात वर्षांची कंबरदुखी. एक्स-रे झाला होता, एमआरआय झाला होता, 'मणक्यात गॅप आहे' हे तीन जणांनी सांगून झालं होतं. मी तिथे डॉक्टर म्हणून नव्हते, माझ्या पीएचडीसाठी प्रतिमांचा डेटा गोळा करत होते. तरी मी मान डोलावली. आज ती मान डोलावल्याचं थोडं वाईट वाटतं.

त्याच महिन्यात मी माझ्या संशोधन-प्रस्तावाचा पहिला मसुदा मॅडमना दिला. त्यात पहिल्याच पानावर एक झणझणीत वाक्य होतं: स्कॅनमध्ये सांधा 'गरम' दिसला तर इंजेक्शनने ८७ टक्के रुग्णांना बरं वाटतं, 'गार' दिसला तर फक्त १३ टक्क्यांना. मॅडमनी पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, "तिसरा गट कुठे गेला?"

हा लेख त्या तिसऱ्या गटाबद्दल आहे. पेपर वाचायला नव्याने शिकणाऱ्यांना माझी ही चूक उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी स्कॅन समजून घेऊ

बोन स्कॅनमध्ये रुग्णाच्या शिरेत टेक्नेशियम-९९एम लावलेलं एमडीपी नावाचं संयुग देतात. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. कॅमेऱ्याला हे दोन्ही सोयीचं. ते मिळतं मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून. आपल्याकडे असे जनरेटर नवी मुंबईतली 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था पुरवते. जनरेटरला या क्षेत्रातले लोक गमतीने 'गाय' म्हणतात, कारण त्यातून पुन्हा पुन्हा टेक्नेशियम 'पिळता' येतं. एमडीपी हे संयुग १९७५ मध्ये जी. सुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांडलं, ते आजही रोज वापरात आहे.

एमडीपी हाडातल्या खनिजाला जाऊन चिकटतं. जिथे नवं हाड तयार होण्याचं काम जोरात चालू आहे आणि रक्तपुरवठा जास्त आहे, तिथे ते जास्त साठतं. दोन ते चार तास थांबून, पाणी प्यायला लावून, लघवीला पाठवून मग चित्र घेतात. कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून त्रिमितीय चित्र घेतलं की त्याला स्पेक्ट म्हणतात, त्यावर सीटीचं चित्र बसवलं की स्पेक्ट-सीटी. जास्त साठा दिसणाऱ्या जागेला 'हॉट स्पॉट' म्हणायची पद्धत आहे. तापमानाशी तिचा काही संबंध नाही.

आता एक वाक्य वहीत लिहून ठेवा: बोन स्कॅन हाडाची घडामोड दाखवतो, वेदना दाखवत नाही. ऐकायला सोपं आहे, पण पेपर वाचताना हेच पहिल्यांदा विसरलं जातं.

कंबरदुखीत अडचण काय आहे?

जगभरात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा मोठा अंदाज प्रसिद्ध आहे. त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत एकच एक ठाम कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. चित्रं काढली तर दोष हमखास दिसतात. १९९४ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढून पाहिले गेले. सगळ्या चकत्या ठीक असलेले लोक निघाले फक्त ३६ टक्के, निम्म्याहून जास्त लोकांत किमान एक चकती फुगलेली होती. म्हणजे 'गॅप' आणि 'फुगवटा' न दुखणाऱ्यांतही भरपूर सापडतात.

म्हणूनच न्यूक्लिअर मेडिसिनचं आकर्षण वाटतं. एमआरआय रचना दाखवतो, बोन स्कॅन चालू असलेली क्रिया दाखवतो. मग झिजलेल्या दहा सांध्यांपैकी 'जागा' असलेला एक सांधा स्कॅनने ओळखता येईल का? मणक्यांच्या मागच्या बाजूला, दर दोन मणक्यांमध्ये डावा-उजवा असे छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. कंबरदुखीच्या काही रुग्णांत दुखणं तिथून येतं, आणि तिथे भूल देणारं औषध व स्टेरॉइड टोचता येतं. प्रश्न एवढाच उरतो, की कोणाला टोचायचं आणि कुठल्या सांध्यात?

पेपर

२००६ मध्ये 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात न्यूमाटिकोस आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. अमेरिकेत केलेला हा अभ्यास या विषयात सतत उद्धृत होतो, आणि तसा तो होण्याजोगा आहेही.

रचना अशी. फॅसेट सांध्यात इंजेक्शन घ्यायला आलेले ४७ रुग्ण. संगणकाने चिठ्ठ्या टाकून त्यांची दोनास एक अशी वाटणी केली. मोठ्या 'अ' गटाचा इंजेक्शनआधी स्पेक्टसह बोन स्कॅन झाला, लहान 'ब' गटाचा स्कॅन झालाच नाही. 'अ' गटात स्कॅननंतर दोन भाग पडले. ज्यांचा एखादा फॅसेट सांधा गरम दिसला ते 'अ-१', त्यांना फक्त गरम सांध्यात इंजेक्शन. ज्यांचा एकही गरम नव्हता ते 'अ-२', त्यांना पाठवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या सांध्यात. 'ब' गटालाही डॉक्टरांनी सांगितलेल्या सांध्यातच.

एका महिन्यानंतर, ठरवलेल्या उंबरठ्याइतकी सुधारणा किती जणांत दिसली?

अ-१: १५ पैकी १३ (८७ टक्के)
अ-२: १६ पैकी २ (१३ टक्के)
ब: १६ पैकी ५ (३१ टक्के)

माझ्या मसुद्यात पहिल्या दोन ओळी होत्या. तिसरी मी गाळली होती. लबाडी म्हणून नाही, तर ती ओळ माझ्या वाक्यात बसत नव्हती म्हणून. संशोधनात बऱ्याच चुका अशाच होतात.

आधी कौतुक, आणि ते मनापासून

या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्कॅन 'गार' आला तरी त्या रुग्णांना इंजेक्शन दिलं गेलं. हे किती महत्त्वाचं आहे ते बघा. गरम सांध्यातच टोचायचं, किती जणांना बरं वाटलं ते मोजायचं आणि 'स्कॅन उपयोगी आहे' म्हणायचं, अशी रचना असेल तर गारवाल्यांना टोचलं असतं तर काय झालं असतं हे कधीच कळत नाही. कदाचित त्यांनाही तितकंच बरं वाटलं असतं. इथे ती पळवाट ठेवलेली नाही.

आणि निकाल तरी कसा आहे? गट लहान आहेत, म्हणून मी कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून पाहिले. १५ पैकी १३ म्हणजे साधारण ६२ ते ९६ टक्के. १६ पैकी २ म्हणजे साधारण ४ ते ३६ टक्के. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. म्हणजे स्कॅन काहीतरी खरंखुरं वेगळं काढतो आहे. याला मी 'चाळणी' म्हणेन. कोणाला महिनाभरात बरं वाटेल, हे या चाळणीला बऱ्यापैकी कळतं.

आणखी एक गोष्ट. अ-१ गटात डॉक्टरांच्या सांगण्यानुसार ६० सांध्यांत इंजेक्शनं झाली असती, स्कॅनमुळे ती २७ वर आली. इतक्या सुया कमी टोचल्या गेल्या हा रुग्णाच्या बाजूने सरळ फायदा आहे.

आता तिसरा गट

मॅडमच्या केबिनमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या कोणत्या दोन गटांत टाकल्या होत्या?"

"अ आणि ब."

"मग तू तुलना कोणाची केलीस?"

अ-१ आणि अ-२ यांच्यात चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. ती विभागणी स्कॅनने केली. चिठ्ठ्या होत्या 'स्कॅन करायचा' विरुद्ध 'नाही करायचा' यांच्यात. त्या वाटणीचा मान ठेवून तुलना करायची तर अख्खा 'अ' गट एका बाजूला हवा. करा बेरीज: १३ आणि २ मिळून १५. म्हणजे 'अ' मध्ये ३१ पैकी १५, ४८ टक्के. 'ब' मध्ये १६ पैकी ५, ३१ टक्के.

८७ विरुद्ध १३ म्हणताना दिसणारी दरी आता ४८ विरुद्ध ३१ झाली. फरक १७ टक्के-अंकांचा, आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल माझ्या हिशेबाने उणे १२ पासून अधिक ४६ पर्यंत जातो. साध्या भाषेत: 'ब' गटात आणखी तीन जणांना बरं वाटलं असतं तर तिथला आकडा ५० टक्के झाला असता आणि स्कॅनचा फायदा दिसलाच नसता. तीन जण! याचा अर्थ स्कॅन निरुपयोगी आहे असा नाही. 'सगळ्यांचा स्कॅन करून मग इंजेक्शन द्या' या धोरणाने रुग्णांना जास्त बरं वाटतं की नाही, हे ४७ रुग्णांवरून ठरत नाही, इतकाच याचा अर्थ.

अ-१ ची तुलना थेट 'ब' शी केली तर? लेखकांनी ती केली आहे, आणि ८७ विरुद्ध ३१ मोठं देखणं दिसतं. पण दहावीच्या दोन तुकड्या डोळ्यांसमोर आणा. एका तुकडीची चाचणी घेतली, त्यातली वरची निम्मी मुलं निवडली आणि त्यांचा निकाल दुसऱ्या अख्ख्या तुकडीच्या निकालाशी ताडून पाहिला. पहिल्या तुकडीचे मास्तर चांगले शिकवतात असं म्हणता येईल का? 'ब' गटातही गरम सांधेवाले असणारच. त्यांचा स्कॅन झाला नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

एका आकड्यात लपलेले तीन दावे

इथून पुढे मला पेपर वाचण्याची एक सवय लागली. निकालाच्या वाक्यात किती वेगवेगळे दावे एकत्र बांधले आहेत ते मोजायचं. इथे तीन आहेत.

पहिला, चाळणीचा: कोणाला बरं वाटेल हे स्कॅन सांगतो. याला पेपरमध्ये आधार आहे, लहान असला तरी स्पष्ट.

दुसरा, नेमाचा: स्कॅनने दाखवलेल्या सांध्यात टोचलं तर डॉक्टरांच्या अंदाजाने टोचण्यापेक्षा जास्त गुण येतो. याला आधार अपुरा आहे. त्यासाठी गरम सांधेवाल्यांमध्येच तुलना हवी, काहींना स्कॅनप्रमाणे आणि काहींना डॉक्टरांप्रमाणे टोचून. गंमत म्हणजे यासाठी फार काही लागलं नसतं. 'ब' गटाचाही स्कॅन काढायचा आणि निकाल पाकिटात बंद करून ठेवायचा. सहा महिन्यांनी पाकिटं उघडली की 'ब' मधले गरमवाले सापडले असते, आणि अ-१ शी त्यांची तुलना चिठ्ठ्यांच्या जोरावर उभी राहिली असती.

(हे लिहिताना किंमतही सांगायला हवी. एका बोन स्कॅनचा किरणोत्सार साधारण ४ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिळतोच. डोस फार मोठा नाही, पण ज्या स्कॅनचा निकाल आपण रुग्णाला लगेच वापरू देणार नाही, तो काढायला एथिक्स कमिटी प्रश्न विचारणार, आणि विचारायलाच हवा.)

तिसरा दावा औषधाचा: गरम सांध्यात दिलेलं इंजेक्शन काम करतं. याला या रचनेत काहीच आधार नाही, कारण टोचलं सगळ्यांनाच. कंबरदुखी चढते-उतरते. माणूस उपचाराला येतो तो दुखणं शिगेला असताना, आणि त्यानंतर ते आपोआप थोडं उतरतं. गरम सांधा ही नुकत्याच भडकलेल्या झिजेची खूण असेल, तर तो गट इंजेक्शनाविनाही लवकर निवळला असता, ही शक्यता उरतेच. ती काढून टाकायला गरम सांध्यात नुसतं सलाईन टोचलेला गट हवा.

त्यात वेदना मोजणारा असतो स्वतः रुग्ण. "स्कॅनमध्ये तुमचा दुखरा सांधा सापडला" हे कानावर पडलेल्या माणसाचं आणि "काही दिसलं नाही, तरी टोचून बघू" हे ऐकलेल्या माणसाचं उत्तर सारखं येईल का? काकूंचा प्रश्न आठवा.

ताडून बघायचं ते कशाशी?

'इंजेक्शनने बरं वाटलं' याला आपण सत्य मानतो आणि त्याच्याशी स्कॅन ताडून बघतो. पण ते सत्यच डळमळीत असेल तर? १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या श्वार्झर, बोगडुक आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या १७६ रुग्णांना फॅसेट सांध्यांसाठी भुलीचं इंजेक्शन दिलं. पहिल्या वेळी ४७ टक्के रुग्णांना ठळक आराम पडला. मग खात्रीसाठी दुसरं, जास्त वेळ टिकणारं औषध दिलं, तेव्हा निम्म्याहून जास्त आराम फक्त १५ टक्क्यांना मिळाला. एकाच इंजेक्शनच्या भरवशावर 'दुखणं इथूनच येतंय' म्हणणं किती निसरडं आहे, ते यावरून कळतं.

फूटपट्टी अशी रबरी असेल, तर तिच्याने मोजलेल्या स्कॅनच्या अचूकतेला दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून काय उपयोग? नंतर स्पेक्ट-सीटी आलं आणि गरम जागा नेमक्या कोणत्या सांध्यात आहे हे छान दिसू लागलं. पण ती अचूकता जागेबद्दलची आहे, कारणाबद्दलची नव्हे.

मग हा स्कॅन कधी उत्तर देतो?

जेव्हा आपण शोधत असलेली गोष्ट हीच हाडाची घडामोड असते तेव्हा. कर्करोग हाडात पसरला आहे का? हाडात जंतुसंसर्ग आहे का? पाठीचा मणका दबलेला दिसतो तो नुकताच की जुना? तरुण वेगवान गोलंदाजाच्या कमरेत मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने तडा जातो आहे का? या शेवटच्या प्रश्नात स्पेक्टने साध्या बोन स्कॅनला फार मागे टाकलं. आता तिथे किरणोत्सार नसलेला एमआरआय बऱ्याचदा आधी करतात, तो भाग वेगळा. इथेही अपवाद ठेवा: मल्टिपल मायलोमासारख्या आजारात हाड पोखरलं जातं पण नवं हाड फारसं बनत नाही, त्यामुळे स्कॅन गारही दिसू शकतो.

या प्रश्नांत आणि काकूंच्या प्रश्नात फरक आहे. तिथे विचारलंय 'हाडात काय चाललंय?' काकूंनी विचारलं होतं 'दुखतंय कशामुळे?' मधला पूल आपण गृहीत धरतो.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

१९९१ मध्ये फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी कुठलीही निदान-प्रतिमा जोखण्यासाठी सहा पायऱ्या मांडल्या: चित्र तांत्रिकदृष्ट्या चांगलं आहे का, निदान अचूक आहे का, डॉक्टरांचा विचार बदलतो का, उपचार बदलतो का, रुग्णाचं भलं होतं का, आणि समाजाला परवडतं का. तुमच्या विषयातला कुठलाही पेपर घ्या आणि तो कोणत्या पायरीवर उभा आहे ते समासात लिहा. मग त्याचा समारोप कोणत्या पायरीवरून बोलतो आहे ते पाहा. बहुतेक वेळा मधे एक-दोन पायऱ्यांची उडी सापडते. ती उडी म्हणजेच तुमच्या संशोधनाची जागा.

२००६ च्या या पेपरने उपचार बदलून दाखवला, ६० सांध्यांचे २७ केले. ती चौथी पायरी भक्कम आहे. पाचवीवर त्याने एक पाय ठेवला आहे, अजून भार टाकलेला नाही. सहावीसाठी त्याने अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या दरांनी हिशेब केला आणि दर रुग्णामागचा खर्च २१९१ डॉलरवरून १८६५ वर येतो असं दाखवलं. तो हिशेब तिथल्या दरांचा आहे. गॅमा कॅमेरा जिल्ह्याच्या गावापासून चार तासांवर असेल, तर आपल्याला तो नव्याने मांडावा लागेल.

माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान आता असं आहे: तिन्ही गटांचे आकडे, खाली 'अ' ची बेरीज, आणि त्याखाली पाकीटबंद स्कॅनची रचना. झणझणीत वाक्य गेलं. मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त पान उलटलं.

काकूंच्या स्कॅनचा निकाल काय आला ते मी इथे सांगणार नाही, तो त्यांचा आहे. पण आज कोणी तोच प्रश्न विचारला तर माझं उत्तर ठरलेलं आहे: "काकू, हाडात कुठे जास्त काम चाललंय ते यात दिसेल. दुखणं तिथूनच येतंय का, ते डॉक्टर तुम्हाला तपासून, तुमच्याशी बोलून मग ठरवतील." उत्तर जरा लांबलचक आहे, पण मान डोलावण्यापेक्षा खरं आहे.